मदत हवी आहे: लायपेज घालूनही स्लिप पॉइंट उतरत नाहीये

तुपट: पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) आणि राइस ब्रान तेल, ६०:४०. ट्रान्स फॅट नसलेलं बेकरी शॉर्टनिंग (बिस्किट-केकमधलं घट्ट फॅट) करायचंय. दोन्हींतल्या फॅटी अ‍ॅसिडांची अदलाबदल होऊन मिश्रण मऊ व्हावं म्हणून लायपेज (फॅट तोडणारं-जोडणारं एन्झाइम) घालून ७० अंशांवर ढवळलं. स्लिप पॉइंट (फॅट मऊ होऊन नळीत सरकायला लागतं ते तापमान) जागचा हलत नाही, वर अ‍ॅसिड व्हॅल्यू (सुट्या फॅटी अ‍ॅसिडचं माप) चढून बसलीये. सोमवारी गाइडना दाखवायचंय. लवकर सांगा.

कढईवाला: कुठलं लायपेज? किती टक्के? किती वेळ? तेल रिफाइंड की गिरणीतलं?

तुपट: लिपोझाइम टीएल आयएम, दाण्यांवर बसवलेलं, अजून कुठलं असणार! तेल चांगलंच आहे, वासबीस नाही.

जुनं खोड: एन्झाइमची थेरं कशाला? सोडियम मेथॉक्साइड घाला, तेच काम करणारं केमिकल, ९० अंशांवर अर्ध्या तासात काम फत्ते. आमच्या प्लँटवर वर्षानुवर्षं हेच.

कढईवाला: आणि मग साबण धुवत बसा, काळवंडलेला रंग ब्लीच करा. शिवाय अ‍ॅसिड व्हॅल्यू चढलेल्या तेलात मेथॉक्साइड टिकणार किती?

जुनं खोड: तेल आधी न्यूट्रल करून व्हॅक्यूमखाली वाळवायचं असतं. हल्लीच्या पोरांना कोण सांगणार.

रानजाई: पाम तेल खाऊच नये. घाण्यावरचं करडईचं वापरा, आमच्याकडे सगळ्यांना मानवलंय.

तुपट: ताई, शॉर्टनिंग करतोय, भाजी नाही.

सिलिका: टीएल आयएमच्या दाण्यांत मुळातच थोडं पाणी असतं. पहिल्या बॅचमध्ये त्यानेच तेल फुटतं, म्हणून फॅटी अ‍ॅसिड आणि डायग्लिसराइड (अर्धवट तुटलेलं फॅट) वाढतात. ती बॅच टाकून द्या, तेच दाणे गाळून वाळवलेल्या ताज्या तेलात घाला. मॅग्नेटिक बीडने (तळाशी फिरणाऱ्या चुंबकाने) ढवळताय का? तळाशी पिठासारखा पांढरा गाळ असेल तर दाणे भरडले गेलेत. वरून पात्याने, हळू ढवळा. आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचं माप) किती? खवट व्हायला लागलेलं तेल एन्झाइम मारतं, वास यायच्या आधीच.

तुपट: गाळ आहे. पेरॉक्साइड काढली नाही, त्या टेस्टला लागणारं लॅबमधलं थायोसल्फेट संपलंय.

मीपण: कपड्यांच्या पावडरीतही लायपेज असतं ना? तीच घातली तर स्वस्तात पडेल?

जुनं खोड: घाला की. सोबत दोन शर्टही टाका.

कढईवाला: स्लिप पॉइंट घेताना फॅट भरलेल्या कॅपिलरी (बारीक काचनळ्या) रात्रभर थंड ठेवल्या होत्या ना?

तुपट: रात्रभर?? बर्फात अर्धा तास. गोठलं होतं की.

सिलिका: मग तो आकडा धरूच नका. १० अंशांवर १६ तास ठेवून परत घ्या, शेजारी लायपेज न घातलेल्या मिश्रणाच्याही लावा. आणि लायपेज किती टक्के घातलंय ते अजून सांगितलं नाहीत.