मदत हवी आहे: "एकटीने"ला इंग्रजीत नेमकं काय म्हणू? अलोन, बाय हरसेल्फ, ऑन हर ओन की सिंगल-हँडेडली?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझी भाची न्यू जर्सीला नववीत आहे, तिला शाळेत आजीवर पाच मिनिटं बोलायचंय. तिने मलाच सांगितलं की मावशी तू लिहून दे, कारण आजीचे ते दिवस तू पाहिलेस, मम्मी तेव्हा बालवाडीत होती. मराठीत अर्ध्या तासात लिहून झालं पण इंग्रजी करताना एकाच वाक्यावर तीन दिवस अडकलेय. वाक्य असं: "बाबा गेल्यावर आईने एकटीने खानावळ चालवली, एकटीने आम्हा तिघींना वाढवलं, आणि सांगलीचं घर विकायचं नाही हा निर्णयही एकटीनेच घेतला."

आधी तिन्ही ठिकाणी अलोन घातलं, वाचलं तर आई बिचारी कोपऱ्यात एकटी बसलीय असं वाटायला लागलं. मग नेटवर सिंगल-हँडेडली सापडलं, एकदम भारदस्त वाटलं, आनंदाने आईला फोन करून अर्थ सांगितला तर ती म्हणाली "अगं एकटीने कुठे, चपात्या लाटायला मावशी होत्या की, त्या नसत्या तर चाळीस मेंबरांचे डबे वेळेत गेले असते का?" आणि खरंच आहे ते, मावशी पहाटे पाचला यायच्या, पावसात पण, पहिल्या वर्षी तर दोन दोन महिने पगार थांबला तरी आल्या. मग आता आईचं मोठेपण पण दिसायला हवं आणि मावशींवर अन्याय पण नको. मी मराठी मीडियमची, डिक्शनरीत सगळे अर्थ सारखेच दिसतात. प्लीज समजावून सांगा, शुक्रवारी पाठवायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी बारा वर्षं इंग्रजी शिकवतोय, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. इंग्रजी बाजूला ठेवा, आधी मराठीतच बघा. तुमचे तीन "एकटीने" तीन वेगळे आहेत. पहिल्याच्या जागी "एकहाती" चालेल का? आई स्वतः नाही म्हणाल्या, म्हणजे सिंगल-हँडेडली बाद, कारण त्याचा अर्थच कुणाचाही हात न लागता असा. तिथे "स्वबळावर" बसतं, पक्ष निवडणूक स्वबळावर लढतो म्हणजे कार्यकर्ते नसतात असं थोडंच, फक्त युती नसते. त्याला ऑन हर ओन. शी रॅन द प्लेस ऑन हर ओन म्हणजे जबाबदारी तिची, मालकी तिची, भागीदार कोणी नाही. हाताखाली माणसं असली तरी खोटं ठरत नाही.

दुसरं, मुलींना वाढवणं. इथे मुद्दा जोडीदार नसण्याचा आहे, शी रेज्ड अस अलोन किंवा बाय हरसेल्फ दोन्ही चालतं. अलोनमध्ये जरा दुःखाची छटा येते, बाय हरसेल्फ साधं आहे. मात्र त्याच्या आधी ऑल लावू नका, ऑल बाय हरसेल्फ म्हटलं की लहान मुलाने बुटाची लेस स्वतः बांधल्याचं कौतुक केल्यासारखं होतं.

तिसरा तर "परस्पर" आहे ना? कुणाला न विचारता?

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत, आमच्या शिडाच्या बोटींच्या जगातलं उदाहरण देतो म्हणजे डोक्यात फिट बसेल. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या गोव्यात बांधलेल्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत चार बंदरांत थांबून. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून मुंबईहून निघून थेट मुंबईलाच परत आले, कुठेही न थांबता. सोलो दोघांनाही म्हणतात, सिंगल-हँडेड पण म्हणतात, कारण बोटीवर दुसरा माणूस नव्हता. पण टॉमींच्या प्रवासाला नॉन-स्टॉप आणि अनअसिस्टेड हे दोन शब्द आणखी जोडतात. म्हणजे बघा, बोटीवर एकटं असणं वेगळं आणि बाहेरून काहीच मदत न घेणं वेगळं, आणि त्यासाठी लोकांनी शब्द वेगळे ठेवलेत. बंदरात सामान भरलं, दुरुस्ती केली म्हणून दोंद्यांचा पराक्रम काही कमी होत नाही. तुमच्या आईंचंही तसंच.

सोलो मात्र आईंसाठी नको, तो विमान, बोट, गाणं, सहल असल्या गोष्टींना शोभतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे खूप आभार, "स्वबळावर" वाचून डोळ्यात पाणी आलं कारण आमचे काका त्या वर्षी भागीदारी मागायला आले होते आणि आईने हात जोडून नाही म्हटलं होतं. हो सर, तिसरा परस्परच आहे. घर विकायचं सगळं काकांनी ठरवून ठेवलं होतं, आईने कुणालाच न विचारता कागदावर सही करायला नकार दिला. त्याला इंडिपेंडंटली चालेल? आणि एका ठिकाणी युनिलॅटरली दिसलं ते काय आहे?

प्रतिसाद १

युनिलॅटरली नको, ते सरकारं आणि कंपन्या करार मोडतात तेव्हाचं आहे, त्यात आडमुठेपणाचा आरोप येतो. इंडिपेंडंटली म्हणजे दुसऱ्याच्या प्रभावाशिवाय, दुसऱ्याशी संबंध न येता. न्यूटन आणि लायब्नित्स दोघांनी कॅल्क्युलस इंडिपेंडंटली शोधलं म्हणतात तसं. तुमच्या आईंनी तर सगळे समोर बसलेले असताना नकार दिला. तिथे अलोन वापरा पण जागा बदलून. क्रियापदानंतर नाही, कर्त्याला चिकटून: शी अलोन रिफ्यूज्ड टू साइन. म्हणजे सगळ्यांत फक्त तिनेच. हाच अलोन वाक्याच्या शेवटी गेला की ती एकटी बसलीय, कर्त्याला लागला की ती एकटी उभी आहे.

अजून एक, खानावळीला मेस लिहू नका, अमेरिकन पोरांना पसारा वाटेल. अ स्मॉल ईटरी फॉर स्टुडंट्स लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर काय सांगू, तीन दिवसांचा गुंता सुटला. आता असं केलंय: "आफ्टर माय ग्रँडफादर डाइड, शी रॅन अ स्मॉल ईटरी ऑन हर ओन, विथ वन वुमन हू केम अॅट फाइव्ह एव्हरी मॉर्निंग टू रोल द चपातीज. शी रेज्ड थ्री डॉटर्स बाय हरसेल्फ. व्हेन द फॅमिली वाँटेड टू सेल द हाऊस, शी अलोन रिफ्यूज्ड टू साइन."

आईला वाचून दाखवलं, मावशींचं नाव पण घाल म्हणतेय. घालते. फक्त एक शंका राहिली, ऑन हर ओनच्या लगेच पुढे विथ वन वुमन आलंय ते एकमेकांना कापत तर नाही ना? की मावशींचं वेगळं वाक्य करू?

प्रतिसाद २

वेगळं करा. त्यांना स्वतःचं पूर्ण वाक्य मिळू दे.