'इमिग्रेशन रिफॉर्म'ला मराठीत काय लिहावं?

नवीपेठकर
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वादावर लेख करतोय. तिथल्या कामगारांवर काय परिणाम, मतदार काय म्हणतात, असा विषय. मथळ्यालाच अडलोय. 'स्थलांतर सुधारणा' लिहिलं तर धरणग्रस्तांची योजना वाटते. 'प्रवासी कामगार' लिहिलं तर डोळ्यापुढं एसटी स्टँड येतो. सुचवा.

शब्दखूळ
'प्रवासी' आधी काढा. ती हिंदीतली उसनवारी आहे. हिंदीत प्रवासी म्हणजे गाव सोडून दुसरीकडं राहिलेला, आपल्याकडं तिकीट काढून बसलेला. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या वाहिन्यासुद्धा 'प्रवासी मजूर' म्हणत होत्या. गाडी मिळेना म्हणून माणसं पायी निघाली होती आणि आपण त्यांना प्रवासी म्हणत होतो!

कोशातला शब्द 'आप्रवासी'. आयात, आगमन यांतला 'आ'. बाहेर जातो तो 'उत्प्रवासी'. फक्त 'आ' दीर्घच ठेवा, नाहीतर अर्थ उलटा होऊन बसेल. शब्द चोख आहे, बोलताना मात्र कुणाच्या तोंडी नाही.

दत्तनगर
काय चर्चा करलालाव बे! आमच्या घरी तेलुगूत 'वलस' म्हणतात, शेजारचे कन्नडवाले 'वलसे'. येणाऱ्याला तोच, जाणाऱ्याला तोच, पक्ष्यांनासुद्धा तोच.

आमची माणसं तेलंगणातून सोलापूरला मागावर बसायला आली. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नंतर घरोघरी माग, बायका विड्या वळायला. आज पूर्व भागातल्या पद्मशाल्याला (आमचा विणकर समाज) कुणी परप्रांतीय म्हणून दाखवावं! पण फरशी बसवायला बिहारचा पोरगा आला की हाच शब्द आमच्याच गल्लीत ऐकायला मिळतो. किती पिढ्या झाल्या की हा शब्द गळून पडतो, ते कोशवाल्यांनी सांगावं.

शब्दखूळ
कोशात मुदत दिलेली नसते. :)

'परप्रांतीय' या लेखाला लागू नाही, तो देशातल्या देशात. आणखी एक शब्द टाळा, 'घुसखोर'. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर यांतला 'खोर' माणसाच्या खोडीवर बोट ठेवतो. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्यांत रीतसर व्हिसा घेऊन आलेले आणि मुदत संपल्यावर राहून गेलेलेही पुष्कळ आहेत. ते घुसलेच नाहीत, तर घुसखोर कसे?

खरी गोम 'रिफॉर्म'मध्ये आहे. मराठीत 'सुधारणा' म्हटलं की चांगलंच काहीतरी होणार, हे गृहीत धरलं जातं. तिकडं दोन्ही बाजू आपल्याच म्हणण्याला रिफॉर्म म्हणतात. १९८६ चा कायदा बघा, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेला. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जाची वाट दिली आणि जाणूनबुजून विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला. सुमारे २७ लाख लोकांना दर्जा मिळाला. बाजूचे त्याला 'नियमित करणं' म्हणतात, विरोधक 'माफी'. तशीच वाट देऊ पाहणारं २०१३ चं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर झालं, पण प्रतिनिधिगृहात मतदानालाच आलं नाही. 'माफी' हा शब्द मतदारापुढं किती जड जातो, ते तिथले पुढारी ओळखून आहेत.
म्हणून माझं मत: 'इमिग्रेशन कायद्यातील बदल'. बदल बरा की वाईट, ते वाचणारा ठरवेल.

मगरपट्टा_मुक्काम_सोलापूर
एक भर. आमच्यातले एच-वन-बी व्हिसावर नोकरीला गेलेले 'स्थलांतरित' म्हणून छापून येतात. अमेरिकी कायद्यानं तो व्हिसा 'नॉन-इमिग्रंट' गटातला, म्हणजे तात्पुरता कामकरी. वर्षाला असे ६५,००० व्हिसे आणि तिथली पदव्युत्तर पदवी असलेल्यांना आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा निम्म्या सोलापूरनं पोरांना फोन लावले असतील. ग्रीन कार्डला, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याला, दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळं भारतीयांची रांग हलत नाही. आणि कार्ड मिळालं तरी मत नाही. साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, मग मत. ज्याची नोकरी या वादावर टांगलेली, त्याला त्यात बोट बुडवायला मिळत नाही.

थळकरी
आमच्याकडं उलटं. बीडकडनं ऊसतोडीला येणाऱ्यांचं नाव गावच्या मतदार यादीत असतं, माणूस इथं पंढरपूर-माळशिरसच्या फडात. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, बिऱ्हाड कोपीत. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गाव दिसत नाही. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, ऐन हंगामाच्या तोंडावर. एका दिवसासाठी गावी जायचं तर गाडीभाडं कोण देणार आणि खाडा कोण भरणार? मुकादम मेहेरबान असला तर गाडी करतो, पण मग मत कुणाला द्यायचं तेही गाडीतच ठरतं. निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा विषय काढला होता, फडापर्यंत काही आलं नाही.

आम्ही ह्यांना 'स्थलांतरित' म्हणतच नाही. 'टोळी आली', 'टोळी गेली', एवढंच.

शब्दखूळ
थळकऱ्यांचं बरोबर आहे. 'स्थलांतरित' म्हटलं की मुक्काम हलला असं वाटतं, तोडणीवाल्याचा मुक्काम मात्र गावातच राहतो. त्याला 'हंगामी कामगार' म्हणा. लेखात दोघांना एकाच शब्दात बांधू नका: तिकडच्याला 'आप्रवासी कामगार', पहिल्या वेळी समजावून, आणि एच-वन-बी वाल्याला 'तात्पुरत्या व्हिसावरचा'.

नवीपेठकर
मथळा ठरला: 'अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा: बदल कुणासाठी?' आता शेवटचं. डिपोर्टेशनला काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानानं १०४ जणांना अमृतसरला आणलं, त्याचा उल्लेख आहे. 'तडीपार' चालेल?

दत्तनगर
नको बे. तडीपार म्हणजे पोलीस गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात ते. चार गल्ल्यांतले लोक नावं विचारत येतील.

शब्दखूळ
'हद्दपार' रूढ आहे, पण त्यात शिक्षेचा वास येतो. 'मायदेशी परत पाठवले' लिहा. नुसतं 'पाठवणी' मात्र नको, लोक अक्षता शोधतील.