शब्दचर्चा : दिवाळे, नादारी, अवसायन आणि 'बेलआउट'

प्रश्न

अमेरिकेतील मोटार उद्योगावर २००८-०९ मध्ये आलेल्या संकटाविषयीच्या एका दीर्घ लेखाचे मी मराठीत भाषांतर करत आहे. डबघाईला आलेल्या मोटार कंपन्यांना सरकारने 'बेलआउट' द्यावे की त्यांना 'बँकरप्ट' होऊ द्यावे, हा त्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. पहिल्या शब्दासाठी मी 'सरकारी मदत' आणि दुसऱ्यासाठी 'दिवाळे निघणे' असे योजले. मात्र पुढे "सरकारने जनरल मोटर्सला वाचवले आणि तिचे दिवाळे निघाले" असे वाक्य तयार झाले, आणि ते वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्याने लगेच विचारले, की वाचवले असेल तर दिवाळे कसे निघाले? माझे शब्द चुकले, की मूळ लेखकाच्या विचारातच विसंगती आहे?

उत्तर

विसंगती लेखकाच्या विचारात नाही. 'दिवाळे' या शब्दात जो शेवट गृहीत आहे, तो अमेरिकी कायद्यातल्या त्या संकल्पनेत नाही, आणि घोटाळा तिथे होतो.

मराठीत एखाद्याचे दिवाळे निघाले म्हणजे व्यवहार संपला, पत गेली, घेणेकऱ्यांनी हाती लागेल ते नेले. 'दिवाळखोर' या शब्दात तर दोषारोपही आहे. 'भांडखोर', 'लाचखोर', 'चुगलखोर' यांच्याप्रमाणेच इथला '-खोर' प्रत्यय वाईट खोड सुचवतो, त्यामुळे परिस्थितीने बुडालेला माणूसही स्वभावानेच बुडवा असल्यासारखा वाटू लागतो. 'नादार' हा फारसीतून आलेला शब्द त्या मानाने निर्मळ आहे. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार, इतकाच त्याचा अर्थ. कायद्याच्या मराठीत 'नादारी' आणि 'दिवाळखोरी' हे शब्द वेगवेगळे ठेवले जातात ते योग्यच आहे. देणी फेडता न येण्याची स्थिती ही नादारी, आणि त्या स्थितीवर कायद्याने काढलेला मार्ग ही दिवाळखोरीची प्रक्रिया.

अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेत कंपन्यांसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. सातव्या प्रकरणाखाली मालमत्ता विकून घेणेकऱ्यांमध्ये वाटली जाते आणि व्यवसाय बंद होतो. यासाठी मराठीत 'अवसायन' हा नेमका शब्द आहे. संस्था 'अवसायनात निघाली' असे आपण म्हणतोच. अकराव्या प्रकरणाखाली मात्र कंपनी न्यायालयाच्या संरक्षणात कारभार चालू ठेवते, जुन्या देण्यांची वसुली तेवढा काळ थांबते, करार नव्याने ठरतात आणि कंपनी पुन्हा उभी राहण्याचा प्रयत्न करते. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द चालतो. मराठीत दोन्हींना 'दिवाळे' म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे फक्त सातवे प्रकरण उभे राहते. क्रायस्लरने ३० एप्रिल २००९ रोजी आणि जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी जो अर्ज केला, तो अकराव्या प्रकरणाखाली होता, आणि दोन्ही कंपन्यांचे व्यवसाय सुमारे सहा आठवड्यांत त्यातून बाहेर आले. म्हणून तुमच्या लेखात 'दिवाळखोरी-संरक्षण' किंवा 'दिवाळखोरीतून पुनर्रचना' असे लिहावे. 'दिवाळे' हा शब्द खरोखरच सारे संपले असेल तिथे राखून ठेवावा.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने मूळ वादसुद्धा भलत्या बाजूला गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. डेट्रॉइटचे, म्हणजे तिथल्या मोटार उद्योगाचे, दिवाळे निघू द्या, अशा अर्थाचा मथळा वृत्तपत्राने त्याला दिला आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहिला. लेखात मात्र नियंत्रित दिवाळखोरीची शिफारस होती, आणि त्यानंतर लागणाऱ्या भांडवलाला सरकारने हमी द्यावी असेही म्हटले होते. रॉम्नी यांच्या भूमिकेशी कुणी सहमत असो वा नसो, 'दिवाळे निघू द्या' हे तिचे प्रामाणिक भाषांतर होत नाही.

आता 'बेलआउट'. इंग्रजीत या क्रियापदाचे निदान दोन वापर इथे उपयोगी पडतात. एक म्हणजे जामीन राहून एखाद्याला सोडवणे आणि दुसरा म्हणजे होडीत शिरलेले पाणी उपसणे. या उद्योगाच्या इतिहासात दोन्हींची चपखल उदाहरणे सापडतात. क्रायस्लरचे १९७९ चे संकट तिचे प्रमुख ली आयाकोका यांच्या काळातले. तेव्हा सरकारने रोख रक्कम दिली नाही, १.५ अब्ज डॉलरपर्यंतच्या खासगी कर्जांना ते जामीन राहिले. कंपनीने ती कर्जे १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी फेडली. याला 'सरकारी मदत' म्हणणे ढोबळ आहे, 'कर्जहमी' म्हणणे नेमके. डिसेंबर २००८ मध्ये मोटार कंपन्यांच्या मदतीचे विधेयक सेनेटमध्ये अडल्यानंतर अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठीच्या ७०० अब्ज डॉलरच्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला देऊ केले. तो मात्र शुद्ध उपसा होता. भोक तसेच राहिले आणि होडी काही महिने तरंगली.

भोक बुजवण्याचे काम पुढच्या वर्षी, न्यायालयात झाले, आणि त्यासाठीही पैसा सरकारचाच लागला. 'बेलआउट द्यावे की बँकरप्ट होऊ द्यावे' या प्रश्नातला 'की' मला अमान्य आहे, तो यामुळेच. अकराव्या प्रकरणातून जाणाऱ्या कंपनीला कामगारांचे पगार आणि पुरवठादारांची बिले भागवायला खेळते भांडवल लागते. एरवी ते बँका देतात, पण २००८-०९ मध्ये पतबाजार गोठलेला असताना एवढी मोठी रक्कम देणारा कोणीही खासगी सावकार उभा नव्हता. सरकारी पैसा नसता तर अकरावे प्रकरण लवकरच सातवे झाले असते. फोर्डने या निधीतून पैसा घेतला नाही, तरी तिच्या प्रमुखांनी प्रतिस्पर्ध्यांच्या कर्जाला पाठिंबा दिला, कारण सुटे भाग पुरवणारे कारखाने तिघींचेही तेच होते आणि ते बुडाले असते तर फोर्डची जोडणीही थांबली असती.

फोर्डवरून 'तारण' हा शब्द आठवतो. मराठीत त्यात रक्षणही आहे आणि गहाणही. फोर्डने २००६ मध्ये कारखान्यांसकट आपले निळे लंबवर्तुळाकार बोधचिन्हसुद्धा तारण ठेवून सुमारे २३.६ अब्ज डॉलर उभे केले होते. 'बेलआउट'साठी 'तारण' सुचवण्याचा मोह मला झाला, कारण सरकारने तारावे ते काहीतरी तारण घेऊनच, असे माझे ठाम मत आहे. पण अर्थविषयक लेखात वाचक गहाणाचाच अर्थ घेईल, म्हणून तो शब्द सोडावा लागतो.

दुसरे मत

'वाचवले' या क्रियापदावर माझा आक्षेप आहे. कोण वाचले, हे ते सांगत नाही. जुन्या जनरल मोटर्सचे भागधारक पूर्ण बुडाले, तिच्या पाँटिअॅक आणि सॅटर्न या नावांच्या मोटारी बंद झाल्या, क्रायस्लरच्या ७८९ विक्रेत्यांचे करार रद्द झाले. करदात्यांचे पैसेही सगळे परत आले नाहीत.

उत्तर

आक्षेप मान्य आहे, आणि तो तुम्ही समजता त्याहून खोल जातो. कायद्याच्या दृष्टीने जुनी जनरल मोटर्स वाचलीच नाही. तिचे नाव मोटर्स लिक्विडेशन कंपनी असे झाले आणि नको असलेले कारखाने व देणी तिच्यापाशी राहिली. चांगली मालमत्ता ज्या नव्या कंपनीने घेतली, तिच्यात अमेरिकी सरकारचा वाटा सुमारे ६१ टक्के होता आणि कामगारांच्या आरोग्य न्यासाचा १७.५ टक्के. म्हणजे एकाच वेळी एक कंपनी अवसायनात निघाली आणि तिचा व्यवसाय सावरला गेला. सरकारने जनरल मोटर्समध्ये घातलेल्या सुमारे ४९.५ अब्ज डॉलरपैकी, डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे समभाग विकल्यावर, दहा अब्जांहून थोडे अधिक परत आलेच नाहीत. ही किंमत लपवणारा कोणताही मराठी शब्द मी सुचवणार नाही. कामगारांची संख्या पाहता मला ती मोजण्याजोगी वाटते, पण भागधारकांना हात लागला नसता आणि व्यवस्थापनही तेच राहिले असते, तर वाटली नसती. तशा व्यवहाराला मराठीत 'पोसणे' हा शब्द आहेच. ब्रिटनने १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी सरकारी मालकीत घेतल्यावर वर्षानुवर्षे जो पैसा ओतला, त्याला तो अधिक लागू पडतो. त्या उद्योगाचा उरलेला भाग, एमजी रोव्हर, एप्रिल २००५ मध्ये कोसळला.

तेव्हा 'वाचवले' या क्रियापदाचे कर्म स्पष्ट करावे. 'कंपनी वाचवली' ऐवजी 'व्यवसाय सावरला' लिहावे. 'बेलआउट'साठी जिथे जे घडले ते सांगावे : कर्जहमी, तात्पुरते कर्ज, भांडवली गुंतवणूक. वादाचे नाव म्हणून शब्द येईल तिथे 'बेलआउट' तसाच ठेवायला माझी हरकत नाही. तुमचे अडलेले वाक्य मी असे लिहीन : "जनरल मोटर्सने दिवाळखोरी-संरक्षण घेतले, जुनी कंपनी अवसायनात निघाली आणि तिचा व्यवसाय सरकारने भांडवल घालून नव्या कंपनीत सावरला."