अँजिओप्लास्टी-बायपासनंतरचं दुखणं: पेनकिलरच्या जोडीला नर्सने काय करावं?

प्रश्न (सीसीयू, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातली नर्स):
जांघेतून अँजिओप्लास्टी झालेले पेशंट शीथ (जांघेतल्या धमनीत घातलेली नळी) काढल्यावर 4 ते 6 तास उताणे असतात. जखमेपेक्षा कंबरच धरते म्हणतात. बायपासवाले खोकायलाच घाबरतात, आणि ड्रेन (छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) काढताना तर कळवळतात. पेनकिलर चालू असतंच. आपल्या हातात आणखी काय आहे? किती वेळ, कसं, तेही सांगा.

उत्तर (कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचा रिकव्हरी विभाग):
ताई, उताणं म्हणजे लाकडासारखं सपाट नव्हे. रक्त थांबलेलं असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर डोक्याकडची बाजू 30 अंशांपर्यंत उचला. कमरेच्या पोकळीत टॉवेलची पातळ गुंडाळी सरकवा. कुशीवर वळवताना शीथ घातलेला पाय सरळच हवा, पाठीमागे उशी द्या. दर वेळी ड्रेसिंग, जांघेतली सूज आणि पायाची नाडी बघायचीच.

एक मात्र विसरू नका. कंबर दुखतेय आणि बीपी उतरतंय, नाडी वाढतेय, घाम फुटलाय, तर ते अवघडणं नसून पोटामागे रक्त साचत असू शकतं. उशा सोडा, डॉक्टरांना बोलवा.

उत्तर (हृदयशस्त्रक्रिया वॉर्ड):
ड्रेन काढण्याआधी बर्फ. जेल पॅक पातळ कापडात गुंडाळून नळीभोवतीच्या कातडीवर 20 मिनिटं. जाड ड्रेसिंगवर ठेवला तर गारवा पोचतच नाही. दुसरी चूक वेळेची: बर्फ उचलला, मग डॉक्टर दुसऱ्या बेडवर गेले, पाच-दहा मिनिटांत बधिरपणा उतरला. टाका कापायची कात्री, ड्रेसिंग, डॉक्टर, सगळं तयार झाल्यावरच पॅक काढा. श्वास कधी रोखायचा याची तालीमही आधीच दोनदा करून घ्या. ऐन वेळी "रोखा!" म्हटलं की पेशंट नेमका दचकून श्वास आत ओढतो, आणि नळी निघताना छातीत हवा शिरायला तेवढं पुरतं.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट):
खोकण्याआधी पेशंटला ताठ बसवा. छोटी, घट्ट उशी छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी कवटाळून. मऊ उशी दबून जाते, तिच्यापेक्षा घडी घातलेली चादर बरी. आधी आरशावर वाफ सोडतो तसे "हा… हा…" असे दोन-तीन उच्छ्वास, मग उशी आवळून एकच खोकला. गोळीची वेळ याच्या अर्धा तास आधी आली तर फारच सोपं जातं.

नातेवाइकांना हात धरून किंवा काखेत हात घालून उठवू देऊ नका. बायपासमध्ये कापून तारांनी बांधलेल्या छातीच्या मधल्या हाडावर ताण येतो आणि दुखणं दुप्पट होतं. कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग खांद्यामागून आधार द्या. हाडात "कट्" आवाज जाणवला तर लगेच कळवा.

प्रश्नकर्ती:
मधुमेहींना बर्फ चालेल? आणि तळपायाचा मसाज?

उत्तर (हृदयशस्त्रक्रिया वॉर्ड):
बर्फाआधी कापसाने कातडीला स्पर्श करून बघा. कळत नसेल तर बर्फ नको. मसाज चालेल, पण बायपाससाठी ज्या पायातून शीर काढली तो पाय सोडून. आणि 0 ते 10 दुखणं विचाराल तेव्हा पडल्यापडल्या वेगळं, खोकताना वेगळं लिहा.