मदत हवी आहे: कॉर्व्हेट सी-एट, जुनी पोर्श केमन एस की लोटस एमिरा? (आणि एक कुरकुरणारा गुडघा)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मामला असा आहे. मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो, वय ५३. लेक कॉलेजात गेली, घराचे हप्ते संपले आणि बायको परवा म्हणाली, "घे बाबा एकदाची ती गाडी, पण रोज रात्री त्या व्हिडिओंमधली घरघर बंद कर." याला मी परवानगी धरून चाललोय. बजेट ७० हजार डॉलर, फारच ताणलं तर ७५, आणि त्यातच जॉर्जियाचा गाडीवरचा ७ टक्के टॅक्स बसवायचाय, जो जुन्या गाडीलाही सोडत नाही. रोजच्या कामाला आमची २०१४ ची टोयोटा सिएना व्हॅन आहे, ती कुठे जात नाही. ही नवीन गाडी म्हणजे निव्वळ हौस, रविवारी सकाळी लवकर उठून सुचेसच्या बाजूला वुल्फ पेन गॅपचा रस्ता मारायचा आणि जेवायच्या वेळेला घरी.

तिन्ही गाड्या मिड-इंजिन, म्हणजे इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. मिड-इंजिनच का, तर लहानपणी कोल्हापूरहून रत्नागिरीला मामाकडे मारुती व्हॅनने जायचो. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे आंबा घाट चढून होईपर्यंत वडिलांची सीट तव्यासारखी तापायची आणि ते शेवटी टॉवेल घडी करून त्यावर बसायचे. मी तेव्हापासूनच मिड-इंजिनवाला आहे असं घरी सांगतो, कोणी हसत नाही.

खरं कारण म्हणजे मागच्या वाढदिवसाला लेकीने पोर्शच्या इथल्या ट्रॅकवर (विमानतळाला लागूनच आहे) दीड तासाचं सेशन गिफ्ट दिलं. ७१८ केमन, शेजारी इन्स्ट्रक्टर. तिथे एक गुळगुळीत गोल आहे, त्यावर पाणी सोडलेलं असतं, त्यावर गाडी गोल गोल फिरवायची. तीन चकरा मस्त झाल्या, मला वाटलं जमलं की, आणि चौथ्या चकरेत जरा जास्त वेग वाटला म्हणून घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला. पुढच्या सेकंदाला ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून उभे होतो, वायपर चालू आणि इन्स्ट्रक्टर शांत. तो म्हणाला पाय उचललास की वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, मग ती कशाला थांबतील तुझ्यासाठी. वजन मधोमध एकवटलेलं असलं की गाडी भोवऱ्यासारखी झटकन वळते आणि सुटली की भोवऱ्यासारखीच फिरते हे वाचलं शंभर वेळा होतं, कळलं त्या दिवशी. आणि हसू थांबेना. तर आता मागे फिरणं नाही.

आता गाड्या.

सी-एट कॉर्व्हेट (शेव्हर्लेची, कॉर्व्हेटची आठवी पिढी). कागदावर हिच्यापुढे कोणी नाही. ६.२ लिटरचा व्ही-एट, ४९० हॉर्सपॉवर, झेड-५१ पॅकेज असेल तर शून्य ते ६० तीन सेकंदांच्या आत, आणि वापरलेली २०२१-२२ ची बजेटमध्ये आरामात बसते. झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा त्यांचा इंजिनीअर साठच्या दशकापासून इंजिन मागे न्या म्हणून कंपनीच्या मागे लागला होता, ते व्हायला २०१९ उजाडलं, तो बिचारा १९९६ मध्येच गेला. मी चालवली ती टू-एलटी होती (वन, टू, थ्री-एलटी अशा चढत्या श्रेणी आहेत). ऐटीत चालते, खड्डे जाणवत नाहीत, सर्व्हिसिंग गल्लीतल्या शेव्हर्लेवाल्याकडे. पुढचं नाक बटण दाबून वर उचलता येतं आणि कुठे उचलायचं ते जीपीएसने लक्षात ठेवते, आमच्या ड्राइव्हवेच्या उताराला हे वरदान आहे (पण हे टू-एलटी किंवा थ्री-एलटीलाच मिळतं, साध्या वन-एलटीला नाही, घेणाऱ्यांनी बघून घ्या). मागच्या डिकीत दोन गोल्फ बॅगा मावतात, फक्त ती इंजिनला चिकटून असल्यामुळे चांगलीच कोमट होते, म्हणजे पटेल ब्रदर्समधून श्रीखंड आणायचं तर पुढच्या डिकीत.

मग अडतंय कुठे, तर मॅन्युअल नाही. कुठल्याच सी-एटला नाही, आठ स्पीडचा ड्युअल क्लच (क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) एवढाच पर्याय. आणि सुरुवातीच्या गाड्यांच्या त्या गिअरबॉक्सबद्दल बरंच वाचलंय, तेव्हा डीलर तो उघडून दुरुस्त करत नव्हते, अख्खाच बदलत होते. वॉरंटीत असेल तर ठीक, पण पॉवरट्रेन वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे पहिल्या लॉटच्या गाड्यांची संपलेली. शिवाय १,६५० किलोच्या आसपासचं धूड आहे, रुंदी १.९३ मीटर, सिएनाशेजारी गराजमध्ये लावली तर मला टपावरूनच बाहेर यावं लागेल. आणि ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्यामध्ये एसीच्या बटणांची जी लांबलचक भिंत आहे ती बघून बायको म्हणाली, "छान आहे, मी पलीकडे बसलेय हे तुला कळणारच नाही." २०२६ च्या मॉडेलला ती भिंत काढलीय, पण ती बजेटबाहेर.

केमन. इथे जरा समजून घ्यावं लागलं. २०१७ मॉडेलपासूनच्या ७१८ ला टर्बोवालं चार सिलिंडर आलं, वेगाला काही कमी नाही पण आवाज... जाऊ दे, ज्यांच्याकडे आहे ते रागावतील. सहा सिलिंडरवाली ७१८ जीटीएस ४.० परत आली पण ती माझ्या बजेटच्या वर. त्याआधीची पहिली पिढी (९८७) स्वस्तात मिळते, पण २००८ पर्यंतच्या इंजिनांना आयएमएस बेअरिंगची (इंजिनच्या आतलं एक बेअरिंग, ते गेलं की इंजिनच जातं) आणि ३.४ लिटरवाल्या एसला सिलिंडरला आतून ओरखडे पडण्याची धास्ती, ते मला या वयात झेपणार नाही. म्हणून मधली ९८१, २०१४ ते २०१६, केमन एस: ३.४ लिटर, टर्बो नाही, ३२५ हॉर्सपॉवर, सहा गिअरचं मॅन्युअल, वजन १,३२० किलो. कॉर्व्हेटपेक्षा तीनशे किलोंनी हलकी, म्हणजे चार धडधाकट माणसं कमी. ७,००० आरपीएमच्या पुढे गेल्यावर तो आवाज जो येतो ना, मी टेस्ट ड्राइव्हला खिडक्या बंद करून पण ऐकला आणि उघडून पण.

गंमत म्हणजे गाडी घेतली तरी इंजिन बघायला मिळत नाही. मागचं दार उघडलं की एक छोटं झाकण, त्याखाली दोन तोंडं, एकात ऑइल घालायचं, एकात कूलंट, बस. डिपस्टिकसुद्धा नाही, ऑइल किती आहे ते स्क्रीनवर बघायचं. वडिलांना हे सांगितलं तर फोनवर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे लग्न झालंय पण तोंड नाही पाहिलं."

लोटस एमिरा. दिसायला तिघींत सगळ्यात देखणी, यावर वाद नको. व्ही-सिक्सला मॅन्युअल मिळतं, ४०० हॉर्सपॉवर, गिअर लिव्हरच्या खालची यंत्रणा उघडी ठेवलीय, गिअर टाकताना दांडे हलताना दिसतात, मी पार्किंगमध्ये गाडी बंद असताना पाच मिनिटं नुसते गिअरच टाकत बसलो होतो. स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक आहे, रस्त्यातला बारीक खडासुद्धा हाताला कळतो. आणि इंजिन टोयोटाचं, ३.५ लिटर, वर सुपरचार्जर. हे मी कौतुकाने घरी सांगितलं आणि तिथेच चुकलो, कारण आमच्या सिएनात मूळ इंजिन तेच आहे. "मग सिएनाच चालव की जोरात." यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडे असेल तर तेवढं तरी लिहा.

भीती अशी की डीलर मोजके, कुठे ठोकली तर पार्ट इंग्लंडहून येईपर्यंत हौस फिटेल. पुढे डिकीच नाही, सामान सीटमागच्या फळीवर किंवा इंजिनमागच्या खणात. व्ही-सिक्स वापरलेली घेतली तरी बजेटच्या अगदी कडेला लागते.

एक अनुभव सांगतो म्हणजे कोणी घाई करायला सांगणार नाही. दोन महिन्यांपूर्वी एक ९८१ जवळजवळ घेतलीच होती. खाजगी विक्रेता, गोड माणूस, अपघाताचा रिपोर्ट कोरा, चहा पण पाजला. नशिबाने आधी मेकॅनिककडे नेली. त्याने लिफ्टवर घ्यायच्या आधीच खिशातून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं, दारावर टेकवलं, ११५ मायक्रॉन. बॉनेटवर १२०. मग मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्यावर टेकवलं आणि काही न बोलता मीटर माझ्याकडे वळवलं, ४३०. म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारलेला. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, मी घेतली तेव्हापासून अशीच आहे. असेलही. पण चहा मात्र मला तेव्हापासून गोड लागत नाही. मेकॅनिकला दिलेले पैसे हा आत्तापर्यंतचा माझा सगळ्यात चांगला खर्च.

आता मुख्य प्रश्न, जो बायकोसमोर विचारायची सोय नाही. माझ्या डाव्या गुडघ्याच्या मेनिस्कसला (सांध्यातली गादी) दोन वर्षांपूर्वी मार लागलाय. ऑपरेशन नाही केलं, व्यायामावर आहे, पण जिने उतरताना बोलतो. डोकं म्हणतं कॉर्व्हेट घे, दोन पेडल, वॉरंटी शिल्लक असलेली शोध आणि गप बस. पण मी मॅन्युअल चालवायचं ते आत्ता नाही तर कधी? अजून पाच वर्षांनी क्लच दाबता येईल याची काय खात्री? गुडघा किंवा कंबर दुखते आणि तरी मॅन्युअल स्पोर्ट्स कार ठेवलीय असं इथे कोणी आहे का? इथल्या ४०० हायवेवरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये काय होतं? आणि घेऊन वर्षभरात विकली असंही कोणी असेल तर तेही सांगा, लाजू नका.

कृपया "या पैशात पुण्यात टू बीएचके" वगैरे नको. येत नाही आता तेवढ्यात, मी बघितलंय.

अपडेट (दहा दिवसांनी):

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ज्यांनी खालीच ईव्हीचा प्रचार सुरू केला त्यांचेही आभार.

एकांनी सुचवलं होतं की नुसतं विचारत बसू नकोस, गुडघ्यालाच विचार, तिन्ही गाड्या एकाच आठवड्यात चालव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघ. तसंच केलं. केमन एका ओळखीच्या ओळखीने अर्धा दिवस दिली, मुद्दाम संध्याकाळी साडेपाचला ४०० वर घातली. पाऊण तासात क्लच किती वेळा दाबला ते मोजत होतो, ११० नंतर मोजणं सोडलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरलो, काही नाही. नेहमीसारखाच.

आणि गुडघा कधी बोलला माहितेय? एमिरातून बाहेर येताना. दाराचा उंबरा रुंद आहे, सीट खोल, डावा पाय बाहेर ठेवून त्याच्यावर सगळं अंग वळवून उचलायचं, तिथे कळ आली ती डीलरच्या पोरासमोर मी खोकला काढून लपवली. कॉर्व्हेटमध्येही थोडं तेच, दार मोठं म्हणून जरा बरं, पण आमच्या गराजमध्ये ते दार पूर्ण उघडणारच नाही. म्हणजे इतके दिवस मी क्लचला दोष देत होतो आणि खरा त्रास उतरायचा होता. फिजिओला सांगितलं तर ती म्हणाली सरळ दाबण्यापेक्षा वजन ठेवून वळणं वाईट, आधी दोन्ही पाय बाहेर काढा मग उठा, आजीबाईंसारखं. केमनमधून तसं जमतं, उंबरा बारीक आहे.

अजून एक, ९८१ चे गिअर फार लांब आहेत अशी सगळ्यांची तक्रार असते, दुसऱ्यातच ८० मैलांच्या आसपास जाते. वुल्फ पेन गॅपला मला ते उलट फायद्याचं वाटलं, जवळजवळ अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्येच होतो, डावा पाय निवांत.

तर लोटस यादीतून गेली, मनातून नाही. कॉर्व्हेट अजून आहे, कारण एक २०२३ ची झेड-५१ दिसलीय आणि वॉरंटी शिल्लक आहे. पण खरं सांगायचं तर चॅटानूगाला एक २०१५ ची केमन एस मॅन्युअल आहे, गडद निळी, ४१,००० मैल, दुसरा मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावून ठेवलीत आणि काल रात्री मी तिचे फोटो चौथ्यांदा बघत होतो (आवाज बंद करून).

शनिवारी बघायला जातोय. आता मदत ही हवी आहे की चॅटानूगाच्या आसपास पोर्शचं काम करणारा, विक्रेत्याच्या ओळखीतला नसलेला मेकॅनिक कोणाला माहीत आहे का? व्यनि करा. रंगाचं मीटर मी स्वतःचं मागवलंय, शुक्रवारी येतंय, सिएनावर प्रॅक्टिस करणार आहे.