बिग डेटाला मराठीत काय लिहायचं? आणि महामारी की महासाथ?

पाटीपेन्सिल
वाचनालयाच्या अंकासाठी लेख लिहितेय, तैवानने 2020 मधे कोविड कसा आवरला त्यावर. बिग डेटा, म्हणजे संगणकानेच चाळता येईल असा नोंदींचा भलामोठा साठा, या शब्दापाशी अडकलेय. डेटाला मी विदा म्हणते, म्हणून "महाविदा" लिहिलं तर संपादन बघणाऱ्या काकांनी खोडून "प्रचंड माहिती" केलं. मला ते पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये. आणि पँडेमिकला महामारी लिहू का महासाथ?

उंबरठा
माहिती नकोच. माहिती म्हणजे कळलेली गोष्ट, आणि तो शब्द इन्फर्मेशनला आधीच गेलाय, माहिती तंत्रज्ञान, माहितीचा अधिकार वगैरे. डेटा ही त्याच्या आधीची पायरी, दवाखान्याच्या रजिस्टरात नुसत्या पडून असलेल्या नोंदी. विदा मला आवडतो, विद् म्हणजे जाणणे त्यावरून आलाय, पण विभक्ती लावली की पंचाईत होते. घोडा-घोड्याचा तसं विदा-विद्याचा केलं की शाळेतली विद्या वाटते, म्हणून कोणी विदेचा लिहितं कोणी विदाचा. मी राजा-राजाचा या चालीवर विदाचा लिहितो. बृहद्विदा पण वाचलाय, संधी बरोबर आहे, पण मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळते.

तांब्यापाणी
सरळ डेटा लिहा की, सगळ्यांना कळतं.

उंबरठा
कळतं, पण काय कळतं? आमच्याकडे "आजचा डेटा संपला" म्हणजे मोबाईलचं रोजचं नेट संपलं. त्या माणसाने बिग डेटा वाचलं तर मोठा रिचार्ज वाटेल. शब्द ओळखीचा आहे पण अर्थ दुसराच.

पाटीपेन्सिल
हो, आणि मला अजून एक खटकतंय ते "प्रचंड"च. तैवानमधे नोंदी काही 2020 ला अचानक वाढल्या नाहीत. त्यांचा राष्ट्रीय आरोग्य विमा 1995 पासून आहे, जवळजवळ सगळी लोकसंख्या त्यात येते, प्रत्येकाकडे कार्ड. विमानतळावरच्या येण्याजाण्याच्या नोंदीही होत्याच. 27 जानेवारी 2020 ला त्यांनी या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या, म्हणजे खोकला घेऊन आलेल्या पेशंटचं कार्ड घातलं की हा माणूस गेल्या 14 दिवसांत कुठे जाऊन आलाय ते डॉक्टरला समोर दिसायचं, 18 फेब्रुवारीपर्यंत तर दवाखाने आणि औषधाची दुकानं सगळ्यांनाच ते खुलं केलं. मास्कचंही तेच, 6 फेब्रुवारीपासून याच कार्डावर माणशी आठवड्याला दोन मास्क, आणि कुठल्या दुकानात किती शिल्लक आहेत ते नकाशावर दिसायचं, त्यामुळे उगाच रांगेत उभं राहायला नको.

आणि ते डायमंड प्रिन्सेस नावाचं प्रवासी जहाज! 31 जानेवारीला तैवानच्या कीलुंग बंदरात लागलं, प्रवासी दिवसभर फिरून परत गेले, आणि मग जहाजावर कोविड असल्याचं कळलं. मग मोबाईल टॉवरच्या नोंदींवरून त्या प्रवाशांच्या आसपास कोण कोण होतं ते काढलं तर 6,27,386 लोक निघाले, त्यांना मेसेज गेले, त्यातल्या कोणाला त्रास होतोय का ते विम्याच्या नोंदींवरून पाहिलं. लक्षणं असलेल्या 67 जणांची टेस्ट केली, एकही पॉझिटिव्ह नाही. आकडा मोठा आहेच, पण काम झालं ते जोडल्यामुळे. म्हणून मला "जोडविदा" सुचतोय, जोडधंदा जोडाक्षर सारखा.

उंबरठा
शब्द छान घडलाय! फक्त तो बिग डेटाचा प्रतिशब्द म्हणून नका देऊ, कारण जोडलेला डेटा ही संगणकवाल्यांची वेगळी संज्ञा आहे. पहिल्यांदा महाविदा लिहा आणि पुढच्याच वाक्यात जोडणीचं सांगा. महामारीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, महासाथ लिहा. मरी म्हटलं की मरीआई, जरीमरी, त्या शब्दात मरणच आहे. पँडेमिक ठरतं ते किती मेले यावरून नाही, किती देशांत पसरलं यावरून. साथ पसरते, "गावात साथ आलीये" असं आपण म्हणतोच, आणि मुंबईच्या प्लेगनंतर 1897 ला केलेल्या कायद्यालाही आपण साथरोग कायदाच म्हणतो. महा हा शब्द इथे साथीला बरोबर बसतो, विदाला तेवढा नाही.

शेंगदाणा
मधेच येतोय. डेटा हा मुळात लॅटिन, अर्थ "दिलेलं". आपल्या संस्कृतातल्या दा (देणे) धातूचाच भाऊबंद, म्हणजे शब्दशः दत्त. पण त्या 6 लाख लोकांनी काही दिलं नव्हतं हो, ते घेतलं गेलं. विम्याचं कार्ड लोकांनी औषधपाण्यासाठी काढलं. चांगल्या कामाला वापरलं हे मान्य, तरी लेखात हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तैवानच्या घटनात्मक न्यायालयानेच ऑगस्ट 2022 मधे सांगितलं की विम्याचा विदा संशोधनासारख्या दुसऱ्या कामाला वापरायचा तर लोकांना नाही म्हणायची सोय पाहिजे, ती कायद्यात नाही आणि हे घटनेला धरून नाही, तीन वर्षांत दुरुस्त करा.

पाटीपेन्सिल
हे घेतेच, थँक्यू. यावरून शेवटचं एक. घरात 14 दिवस थांबायला सांगितलेल्या माणसाचा फोन टॉवरवरून बघायचे, बाहेर गेला किंवा फोन बंद पडला की लगेच कळायचं. त्याला इलेक्ट्रॉनिक कुंपण म्हणतात. काकांनी त्याचं "विद्युत कुंपण" केलंय.

तांब्यापाणी
अरे नाही नाही, ते आम्ही शेतात रानडुकरांसाठी लावतो, झटका मशीनचं. माणसांबद्दल असं वाचून अंगावर काटा येईल.

शेंगदाणा
कुंपण शब्द मात्र ठेवा. कुंपणच शेत खातं हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, वाचणारा आपोआप विचार करेल.

पाटीपेन्सिल
मग "मोबाईलचं कुंपण" लिहिते. महासाथ पण घेतला. विदाचा का विदेचा ते उद्या काकांना विचारून ठरवते, माझं मत विदाचा.