मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्को गाडीशिवाय, आईचे गुडघे सांभाळून

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत सहा रात्री राहायचं ठरतंय. महिनाभर भावाकडे ह्यूस्टनला राहून परतीच्या वाटेवरचा हा मुक्काम. भावाला सुट्टी नाही, म्हणून आम्ही तिघंच. मी तिकडे गाडी चालवत नाही, आणि दोघांना मागे बसवून परक्या गावात पहिल्यांदा चालवायची माझी तयारीही नाही.

बाबा ७२ वर्षांचे, वर्ध्यात रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालतात. आई ६८ची. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, जिना मात्र कठडा धरून एकेक पायरी. सारं आयुष्य वर्ध्याच्या सपाट रस्त्यांवर गेलेलं. मी नकाशात पाहिलं तर हॉटेलपासून समुद्र दोन किलोमीटरसुद्धा नाही, म्हणून खूश झाले होते. मग त्याच रस्त्याचे फोटो पाहिले. घरं तिरकी वाटावीत इतका चढ! तेव्हापासून झोप उडाली आहे. आईला हॉटेलात बसवून आम्ही दोघांनी फिरायचं, असं मला अजिबात नको आहे. ती स्वतःहून म्हणेल, "तुम्ही जा, मी बसते." तिला ते म्हणायची वेळच येऊ नये.

राहायचं कुठे, बसचा पास कोणता काढायचा, आणि चढ टाळून काय काय बघता येईल, हे सांगाल का? बाबांचा हट्ट एकच आहे. गदर पक्षाची, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या पक्षाची, इमारत बघायची. त्यातले पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, त्यामुळे हा आमच्या घरचा विषय आहे.

प्रतिसाद (ओकलंडहून)

ताई, गाडी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे गाडी आहे आणि खाडीपलीकडे शहरात जाताना मी ती घरी ठेवते. हॉटेलात गाडी लावायचे रात्रीचे पैसे ऐकले तर चक्कर येईल, आणि काच फोडून बॅगा नेण्याचे प्रकार तिथे फार.

शहर लहान आहे, साधारण सात मैल लांब, सात मैल रुंद. पण त्यात चाळीसहून अधिक टेकड्या आहेत. रस्ते आखताना टेकड्यांचा विचारच केलेला नाही, पट्टीने सरळ रेघा मारल्यासारखे ते चढावर चढवलेत. म्हणून दोन ब्लॉक म्हणजे कधी दोन मिनिटं, तर कधी जीव घशाशी. नकाशात टेरेन लावून बघा म्हणजे अंदाज येईल. सपाट भाग कुठे, तर पूर्वेचा आणि उत्तरेचा समुद्रकाठ (बराचसा भराव टाकून केलेला), मार्केट स्ट्रीटचा खालचा भाग, मिशन नावाची वस्ती, आणि पश्चिमेला गोल्डन गेट पार्कचा पट्टा. या सपाट तुकड्यांमध्ये टेकड्या आहेत, आणि त्या ओलांडायचं काम बसचं.

म्हणून मी ठिकाणांची यादी न देता गाड्यांची देते.

एफ: जुन्या ट्राम. मार्केट स्ट्रीटवरून फेरी बिल्डिंग, तिथून काठाकाठाने फिशरमन्स वॉर्फ. त्यात मिलानहून आणलेल्या १९२८ सालच्या ट्रामही आहेत, बाकं लाकडी. पायऱ्या थोड्या उंच आहेत, पण दांडा धरायला मिळतो. आईंना एकदा तरी बसवाच.

१ कॅलिफोर्निया: विजेच्या तारेवरची बस. खाली एम्बार्काडेरोजवळून निघते आणि चायनाटाउनमधून थेट नॉब हिल चढते. केबल कार (रुळांवरची, रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी गाडी) जो चढ चढते तोच चढ, साध्या बसच्या तिकिटात, बसून.

२८: वॉर्फच्या बाजूने गोल्डन गेट ब्रिजच्या टोल नाक्यापर्यंत, आणि तीच बस पुढे पार्ककडे जाते. एका दिवसात दोन्ही होतं.

३८ गियरी: युनियन स्क्वेअरवरून पार समुद्रापर्यंत. शेवटच्या थांब्याला लँड्स एंड. सगळ्या ३८ एकाच जागी संपतात असं नाही, पाटी वाचून चढा.

एन: मार्केट स्ट्रीटखालून जाते, पुढे टेकडीही बोगद्यातून पार करते आणि ओशन बीचला बाहेर काढते. पोटातलं पाणी हलत नाही.

थांब्यांबद्दल एक: कित्येक थांब्यांना शेडही नसते, बाकही नसतं. खांबाला पिवळा पट्टा दिसला की तोच थांबा. पहिल्या दिवशी माझ्या सासूबाईंना आणि मला तो सापडलाच नाही, समोरून दोन बस गेल्या.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत! पिवळ्या पट्ट्याचं तर मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. बसमध्ये चढायला पायरी किती उंच असते?

प्रतिसाद (ओकलंडहून)

बस खालच्या तळाच्या असतात, शिवाय दाराची बाजू अजून खाली वाकते. चालकाला "नील, प्लीज" म्हणायचं (kneel, म्हणजे गुडघे टेकणं), एवढंच. लाजू नका, तिथे सगळेच म्हणतात. पुढची बाकं ज्येष्ठांसाठीच आहेत. केबल कारची पायरी मात्र उंच, आणि तिला वाकायची सोय नाही.

प्रतिसाद (पुण्याहून, फिजिओथेरपिस्ट)

प्रवासाचं इतर जाणकार सांगतीलच, मी गुडघ्यांबद्दल लिहिते. घरचे लोक नेहमी चढाची काळजी करतात. झिजलेल्या गुडघ्याला जास्त त्रास उताराचा होतो. चढताना दम लागतो, माणूस आपण होऊन थांबतो. उतरताना सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यामुळे "बसने वर जाऊ, रमतगमत खाली येऊ" हा बेत तुमच्या बाबांसाठी छान आहे, आईंसाठी नाही. आईंना वर बस आणि खालीही बस.

काठी आत्ताच घ्या आणि महिनाभर ह्यूस्टनला सवय करा. उजवा गुडघा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मोठं चालणं एक दिवसाआड ठेवा. आणि संध्याकाळी "दुखतंय का" असं विचारू नका, आया नाहीच म्हणतात. सकाळी उठून पहिली दहा पावलं कशी टाकतात ते बघा.

प्रतिसाद

पासबद्दल. मुनीचा, म्हणजे शहराच्या बस-ट्राम सेवेचा, 'व्हिजिटर पासपोर्ट' नावाचा पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो आणि त्यात केबल कार धरलेली असते. मोबाइल ॲपवर कागदी पासपेक्षा स्वस्त पडतो. विमानतळावरून येणारी बार्ट रेल्वे त्यात येत नाही, तिचं तिकीट वेगळं. पण केबल कारमध्ये एकदाच बसणार असाल तर हिशोब करा. बसचं साधं तिकीट दोन तास चालतं, कितीही बस बदला, आणि ६५ वर्षांच्या पुढच्यांना अर्ध्याच्या आसपास सवलत आहे. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. तुमच्या आई-बाबांना सवलत लागू असल्यामुळे सात दिवसांचा पास घाईने काढू नका.

प्रतिसाद (सॅन होजेहून)

राहण्याची जागा निवडताना माझी चूक करू नका. "युनियन स्क्वेअरपासून तीन ब्लॉक" असं वाचून मी आई-वडिलांसाठी खोली घेतली. ते तीन ब्लॉक उत्तरेला होते, म्हणजे सरळ नॉब हिलच्या अंगावर! रोज संध्याकाळी दमून आल्यावर शेवटी तोच चढ. वडील मधल्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि दुकान बघतोय असं दाखवायचे. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. मार्केट स्ट्रीटला लागून किंवा त्याच्या दक्षिणेला बघा, नाहीतर थेट वॉर्फजवळ. युनियन स्क्वेअरच्या पश्चिमेला लागून टेंडरलॉइन आहे. तिथे रस्त्यावर राहणारी, व्यसनात अडकलेली माणसं फार. आपल्या वाट्याला जात नाहीत, पण आईंना बघवणार नाही.

आणि गरम कपडे! जुलै म्हणून सुती साड्या भरू नका. आतल्या खोऱ्यात उन्हाळा तापला की तिथली हवा वर उठते, तिच्या जागी समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते, आणि सोबत धुकं येतं. दुपारी तीननंतर पश्चिमेकडे कानटोपी लागते. मिशनमध्ये त्याच वेळी ऊन असतं.

प्रतिसाद (नागपूरहून)

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. गदर स्मारक ५ वुड स्ट्रीटला आहे, गियरीला लागून. वरच्या ३८ नंबरने मॅसॉनिकपाशी उतरायचं. ते आपल्या वाणिज्य दूतावासाच्या देखरेखीखाली आहे आणि रोज उघडं नसतं, म्हणून आधी ईमेल करा. १ नोव्हेंबर १९१३ला 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला तो याच शहरात. खानखोजे तर आहेतच, पण विष्णू गणेश पिंगळेही आठवा. तळेगाव ढमढेऱ्याचा मुलगा, इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेत आला, गदरमध्ये सामील होऊन परतला, आणि १६ नोव्हेंबर १९१५ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेला. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

आईंसाठी एक ठिकाण सुचवतो. वेब्स्टर आणि फिल्बर्टच्या कोपऱ्यावर वेदान्त सोसायटीचं जुनं मंदिर आहे, १९०६ सालचं. त्याच वर्षीच्या भूकंपातून आणि आगीतून ते वाचलं. प्रत्येक घुमट वेगळ्या धाटणीचा. बाहेरूनच बघायचं धरून चला. ४५ नंबरची बस युनियन स्ट्रीटवर सोडते, तिथून एक ब्लॉक.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! बाबांना पिंगळ्यांबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. आईने काठी घ्यायला आधी नकार दिला, मग फिजिओताईंचा प्रतिसाद स्वतः वाचला आणि घेतली. हॉटेल रद्द करून मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला घेतलंय. गेल्यावर काय झालं ते नक्की लिहीन.

धागाकर्ती (परत आल्यावर)

कबूल केल्याप्रमाणे लिहितेय. कुणी पुढे असंच शोधत आलं तर उपयोग होईल.

पहिल्या दिवशी फक्त एफ ट्राम आणि फेरी बिल्डिंग. तिच्या मागे गांधीजींचा पुतळा आहे. आमचं सेवाग्राम घरापासून इतकं जवळ, आणि इथे समुद्राच्या वाऱ्यात बापूंना बघून आई थबकली. पायात चप्पल आहे ना, ते तिने आधी पाहिलं.

१ नंबरच्या बसने आमचा प्रवास तारला. आई पुढच्या बाकावर बसून चढ बघायची. रस्त्याकडेला लावलेल्या सगळ्या गाड्यांची पुढची चाकं वळवून फुटपाथच्या कडेला टेकवलेली असतात, हे तिच्याच लक्षात आलं. चालकाने सांगितलं की उतारावर तसा नियमच आहे, म्हणजे ब्रेक सुटला तरी गाडी घरंगळत नाही. मेसनपाशी उतरून केबल कारचं संग्रहालय पाहिलं. प्रवेश फुकट. शहरातल्या सगळ्या केबल कार ओढणारे जाड दोर तिथल्या मोठ्या चाकांवरून फिरताना दिसतात, ताशी साडेनऊ मैलांनी. गाडीला स्वतःचं इंजिन नाही, ती रस्त्याखालून धावणारा दोर पकडते आणि सोडते, एवढंच. बाबा तिथून हलेनात. केबल कारमध्ये बसायचं झालं तर पॉवेलच्या रांगेत आईला उभं ठेवू नका, कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या फाट्यावर रांग कितीतरी कमी असते. आई चढली. चालकाने हात दिला, मी मागून आधार दिला. उतरताना दुखरा पाय आधी.

कॉइट टॉवरला ३९ नंबरची बस थेट वर नेते. फेऱ्या कमी आहेत, वेळ बघून निघा. आतली १९३४ सालची भित्तिचित्रं आईला फार आवडली, शेतातली आणि कारखान्यातली माणसं आहेत त्यात. तिथून बाबा फिल्बर्टच्या पायऱ्यांनी एकटे खाली उतरले, बागांमधून, लाकडी जिन्यांवरून. आम्ही दोघी बसने आलो. पंचवीस मिनिटं त्यांचा फोन लागेना तेव्हा माझे हातपाय गार पडले होते, हे खरं. खाली भेटले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झालेला.

अल्कट्राझला चढ आहे, जवळपास तेरा मजल्यांइतका. पण ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी तिथे विजेवरची छोटी गाडी असते, बोटीतून उतरल्या उतरल्या विचारा. ब्रिजवर आम्ही पहिल्या मनोऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. रस्ता सपाट आहे पण वारा आणि वाहनांचा आवाज दोन्ही खूप, आईला तेवढं पुरे झालं. लँड्स एंडला वरच्या सपाट वाटेवरूनच सुत्रो बाथ्सचे, म्हणजे जुन्या स्नानगृहांचे, अवशेष दिसतात. खाली जायच्या पायऱ्या आम्ही सोडून दिल्या.

एक दिवस चुकलं. पार्कमध्ये मोटारींना बंद केलेला रस्ता इतका सुरेख आहे की आई चालतच राहिली, आणि मीही थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली दहा पावलं बघितली आणि तो अख्खा दिवस खोलीत काढला. फिजिओताई, तुमचं ऐकायला हवं होतं.

वुड स्ट्रीटला शेवटच्या दिवशी गेलो. ईमेलला उत्तर आलं होतं, वेळ ठरवून दिली होती. लहानसं, साधं घर आहे, दोन मिनिटांत दिसून संपेल असं. बाबा भिंतीवरच्या फोटोंपुढे एकेक करत उभे राहिले. तिथून निघून ३८च्या थांब्यावर आलो तर बाक नव्हतं. बाबांनी आईला काठी नीट धरायला लावली, तिचा दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तिला सांगायला लागले की वर्ध्याचा एक मुलगा शंभर वर्षांपूर्वी इथे कसा पोचला असेल. बस आली. मी म्हणायच्या आधीच आई पुढे झाली आणि चालकाला म्हणाली, "नील, प्लीज."